जुन्या घरगुती रेडिओंचे रूप कशाने ठरले? लाकूड, साचा, बॅटरी आणि आपली घरे

आर्वीकर

वाड्याची डागडुजी काढली तेव्हा माळ्यावरचे तीन जुने रेडिओ खाली आले. पहिला मर्फीचा, अक्रोडी पॉलिशचा, दोन्ही हातांनी उचलावा लागेल असा. दुसरा तपकिरी बेकेलाइटचा (जुन्या काळचे कडक प्लॅस्टिक), सगळे कोपरे गोल, समोरचे नाव पुसून गेलेले. तिसरा चामडी कव्हरातला ट्रान्झिस्टर. तिघांचेही काम हवेतला आवाज पकडून घरात ऐकवणे एवढेच, तरी शेजारी शेजारी ठेवले की ते एका जातीच्या वस्तू वाटत नाहीत.

म्हणून हा धागा काढतो आहे. घरगुती रेडिओचे बाह्य रूप नेमके कशाने ठरत गेले? आतल्या यंत्राची गरज, कारखान्याला त्या काळी जे जमत होते ते, की गिऱ्हाइकाच्या बैठकीत वस्तू शोभावी हा हिशेब? रेडिओच्या आठवणींचे धागे येथे पुष्कळ आहेत, त्यामुळे गाण्यांविषयी न लिहिता वस्तूविषयी लिहावे, ही विनंती.

डायलदोरी

आर्वीकरभाऊ, तालुक्याच्या गावी माझे रेडिओ दुरुस्तीचे दुकान होते. आमच्या धंद्यात रेडिओची ओळख पाठीकडून होते, म्हणून मी तिकडूनच सुरुवात करतो.

१९२० च्या दशकातला रेडिओ घरात असला तरी दिसायला प्रयोगशाळेतलाच होता. पेटी एकीकडे, कर्णा दुसरीकडे, बॅटऱ्या मेजाखाली, आणि एक केंद्र लावायचे तर दोन-तीन चकत्या निरनिराळ्या फिरवून जुळवाव्या लागत. एकाच दांड्यावर बसवलेले, सगळी जुळवणी एका बटणाने करणारे गँग कंडेन्सर आले, एडविन आर्मस्ट्राँग यांनी १९१८ मध्ये शोधलेली सुपरहेटरोडाइन (येणारी लहर एका ठरावीक कंप्रतेवर आणून मग मोठी करण्याची) पद्धत हळूहळू घरगुती संचांत उतरली, स्पीकर पेटीच्या आत गेला आणि वीज भिंतीतून मिळू लागली, तेव्हा कुठे सगळे एका पेटीत बसवता आले. एका पेटीत बसवायचे म्हटल्यावर पहिला प्रश्न जागेचा. व्हॉल्व्ह, म्हणजे आतल्या काचेच्या नळ्या, तापतात, म्हणून त्यांच्या डोक्यावर मोकळी जागा आणि मागे भोकांचा पुठ्ठा हवा. स्पीकर चेसिसच्या, म्हणजे सगळे भाग बसवलेल्या पत्र्याच्या सांगाड्याच्या, वर ठेवला की पेटी उभी होते, शेजारी ठेवला की आडवी होते. १९३० च्या आसपासचे अमेरिकन उभे संच आणि पुढे आपल्याकडे घरोघरी दिसणारे आडवे संच यांतला मूळ फरक एवढाच आहे. कमानी, खांब आणि नक्षी हा त्यानंतरचा भाग.

पेटी आडवी झाल्यावर लांब काचेला जागा मिळाली, आणि रेडिओच्या चेहऱ्यावर या काचेइतका परिणाम दुसऱ्या कशाचाही झालेला नाही, असे माझे मत आहे. गँगचा दांडा पुरता फिरून फिरतो तो अर्धा फेरा. काट्याला मात्र काचेवर वीतभर आडवे सरकायचे असते. हे काम एक दोरी करते. ती गँगवरच्या मोठ्या चाकाला गुंडाळलेली असते, तेथून लहान कप्प्यांवरून फिरून बटणाच्या दांड्याला दोन-तीन वेढे घेते आणि चाकातल्या स्प्रिंगने ताणून राहते. काटा तिलाच चिमटलेला असतो. चाकाचा अर्धा परीघ जेवढा, तेवढाच काट्याचा प्रवास, म्हणजे दहा सेंटिमीटर व्यासाच्या चाकावर तो पावणेसोळा सेंटिमीटरच्या जवळपास सरकतो. काच आणखी लांब हवी असेल तर चाक मोठे घ्यावे लागते आणि चाकासाठी पेटी उंच करावी लागते. समोरून पाहणाऱ्याला पेटीचे प्रमाण नुसते डौलदार वाटते, पण त्या डौलामागे बरेचदा हे चाक असते.

लांब काच हवी होती ती लघुलहरींसाठी (शॉर्टवेव्ह). मध्यमलहरींवर (मीडियमवेव्ह) केंद्रे सुटी सुटी असतात, तर २५, ३१, ४१ आणि ४९ मीटरच्या पट्ट्यांवर ती एकमेकांना खेटून बसतात. नागपूर केंद्र १९४८ च्या जुलैमध्ये सुरू झाले, पण आपल्या भागातल्या ज्यांना रेडिओ सिलोन ऐकायचे होते, त्यांचा काटा लघुलहरींच्या रांगेवरच फिरत असे. तेथे केसभर हलला तरी केंद्र निसटायचे. गावांची नावे छापलेली, मागून पिवळा दिवा लागणारी काच दुकानात ऐटबाज दिसायची हे खरेच, पण ती मुळात मोजपट्टी होती.

सागवान

डायलदोरीभाऊंनी पाठीकडून सांगितले, मी तोंडाकडून सांगतो. आमचा चंद्रपूर जिल्ह्यात लाकडाचा पिढीजात व्यवसाय आहे आणि जुनी कॅबिनेटे दुरुस्तीला अधूनमधून येतात. कमानी आणि नक्षी ‘त्यानंतरचा भाग’ हे मात्र मला मान्य नाही. रेडिओ घरात शिरला तो फर्निचर म्हणूनच शिरला. ज्या वस्तूवर महिन्याचा पगार उधळायचा, ती यंत्रासारखी उघडीवाघडी दिसली तर बैठकीत कोणी ठेवून घेतली नसती. फिल्को कंपनीचा १९३१ चा ‘मॉडेल ९०’ आठवा. डोक्यावर चर्चच्या खिडकीसारखी कमान, समोर कोरीव जाळी. स्पीकर वर होता म्हणून उंची आली हे खरे, परंतु उंच पेटी चौकोनीही करता आली असती. कमान आली ती गिऱ्हाइकाच्या मनातल्या प्रतिष्ठेसाठी, आणि वाकवलेल्या प्लायवूडने ती स्वस्तात करता येत होती म्हणून टिकली.

याच्या अगदी उलट वाट मर्फीची. फ्रँक मर्फी आणि ई. जे. पॉवर यांनी १९२९ मध्ये इंग्लंडातल्या वेल्विन गार्डन सिटी येथे कंपनी काढली आणि कॅबिनेटांसाठी गॉर्डन रसेल यांच्या फर्निचर कारखान्याशी संधान बांधले. गॉर्डन यांचे धाकटे भाऊ आर. डी. रसेल हे वास्तुरचनाकार होते, आणि मर्फीच्या १९३० च्या दशकातल्या पेट्यांचे रूप प्रामुख्याने त्यांचे आहे. त्या पेट्यांवर चिकटवलेली नक्षी जवळपास नाही. अक्रोडाच्या व्हिनिअरचे, म्हणजे वर चिकटवलेल्या पातळ लाकडी पापुद्र्याचे, रेषे कोणत्या दिशेने घ्यायचे, स्पीकरचे तोंड काचेपासून किती दूर ठेवायचे, कडेची गोलाई किती मऊ करायची, एवढ्यावरच सारे पेललेले आहे. मला विचाराल तर लाकडी रेडिओत याहून चांगले काम झालेले नाही. पुढे ठाण्यात मर्फीचा भारतीय कारखाना निघाला. त्यातून निघालेला प्रत्येक संच त्या तोडीचा होता असे मी म्हणणार नाही, परंतु नक्षीवाचून लाकूड बोलके करण्याची ती सवय आपल्याकडच्या पुष्कळ संचांत उतरलेली दिसते.

लाकडाला ध्वनीचेही कारण होते. स्पीकरचा पडदा पुढे जितकी हवा ढकलतो तितकीच मागे ओढतो. पुढची आणि मागची लहर लगेच एकमेकींना भेटली तर खर्जाचा आवाज मारला जातो. समोरची फळी रुंद आणि पेटी खोल असली की मागच्या लहरीला वळसा पडतो आणि तबला तबल्यासारखा ऐकू येतो. मोठ्या पेटीचा आवाज भरदार असायचा तो यामुळे. समोरचे कापडही सैल विणीचे लागते. काही हौशी लोक ते फाटले की सोफ्याचे जाड कापड लावतात आणि मग रेडिओचा गळा बसला म्हणून तक्रार करतात.

आर्वीकरभाऊ, तुमच्या मर्फीला घाईने घासू नका. वरचे व्हिनिअर मिलिमीटरभरही जाड नसते आणि पॉलिशपेपरने चार हात मारले की खालचे फिकट प्लायवूड उघडे पडते. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळिसाच्या पुढे जातो आणि लगोलग पावसाळी दमट हवा येते. त्या काळी व्हिनिअर सरसाने बसवलेले असे, आणि या चढउतारात कोपऱ्यांवरचा सरस आधी सुटतो. नखाने हलकेच वाजवून पाहा, पोकळ आवाज आला तर तेथे सरस पुन्हा भरून वजनाखाली दाबावे लागेल.

मोल्डवाला

मी यवतमाळ जिल्ह्यात तंत्रनिकेतनात शिकवतो, आणि साचेकाम हा माझा विषय आहे. आर्वीकरांच्या दुसऱ्या रेडिओविषयी, म्हणजे गोल कोपऱ्यांच्या बेकेलाइटविषयी, जरा सविस्तर लिहितो. औद्योगिक अभिकल्पाची (डिझाइनची) खरी कसोटी माझ्या मते तेथे लागली.

लिओ बेकेलँड यांनी १९०७ मध्ये फिनॉल आणि फॉर्मल्डिहाइड यांपासून हे द्रव्य तयार केले. त्यात लाकडाचा भुसा मिसळून केलेली पूड तापलेल्या पोलादी साच्यात घालून प्रचंड दाबाने दाबली की काही मिनिटांत अख्खी पेटी बाहेर येते. एकदा कडक झालेले बेकेलाइट पुन्हा वितळत नाही आणि वीज वाहू देत नाही. परंतु साचा घडवायला अतोनात खर्च येतो, त्यामुळे एकाच रूपाचे हजारो नग खपले तरच गणित जमते. सुतार प्रत्येक पेटीत थोडा बदल करू शकतो, साचा करू शकत नाही. म्हणूनच रेखाटन करणाऱ्या माणसाला कारखान्यात वेगळे स्थान मिळाले, कारण साचा पोलादात कोरला गेल्यावर त्याची चूक कोणालाही दुरुस्त करता येत नसे.

गोल कोपऱ्यांना लोक त्या काळची ‘वेगवान’ फॅशन म्हणतात. फॅशन होतीच, पण टोकदार कोपऱ्यात पूड नीट भरत नाही, ताण साठून तेथेच तडा जातो आणि वस्तू साच्यातून सुटायला त्रास देते. बाजूच्या भिंतीही अगदी काटकोनात नसतात, किंचित निमुळत्या असतात, म्हणजे पेटी अलगद निघावी. तुमच्या संचाला फुटपट्टी लावून पाहा, मागची आणि पुढची रुंदी बहुधा सारखी भरणार नाही.

इंग्लंडातल्या साउथएंड येथील ई. के. कोल यांची ‘एको’ कंपनी या वाटेने सर्वांत धीटपणे गेली. तिने नावाजलेल्या वास्तुरचनाकारांकडून रेखाटने मागवली, आणि त्यांतल्या वेल्स कोट्स यांनी रेखाटलेला ‘एडी-६५’ हा १९३४ मध्ये बाजारात आलेला संच चक्क वर्तुळाकार होता. स्पीकर गोल, म्हणून पेटी गोल, आणि स्पीकरच्या कडेने कमानीसारखी वळणारी केंद्रांची पट्टी. वरवर लहरी वाटणाऱ्या या रूपात व्यवहारही होता, कारण गोल साचा लेथवर कातता येतो आणि चौकोनी साच्यापेक्षा त्याची मेहनत कमी पडते. तरी गंमत अशी की तो काळ्या रंगात मिळत असूनही अक्रोडाच्या लाकडासारख्या तपकिरी छटेतही काढावा लागला. आकार नवा चालत होता, पण बैठकीतला रंग लाकडाचाच हवा होता, म्हणजे सागवानभाऊंच्या म्हणण्याला येथेही पुरावा आहे. आपल्याकडे हीच परंपरा ‘नॅशनल-एको’ या नावाने आली.

गडद रंगाला रसायनाचेही कारण होते. फिनॉलचे राळद्रव्य मुळातच पिवळट-तपकिरी असते आणि उजेडात आणखी काळवंडते, म्हणून त्यात पांढरा किंवा फिकट निळा रंग टिकत नाही. अमेरिकेत भुसा न घालता ओतीव फिनॉलचे ‘कॅटॅलिन’ वापरून फाडा आणि इमर्सन या कंपन्यांनी मिठाईच्या रंगांचे रेडिओ काढले, ते आज संग्राहक सोन्याच्या भावाने घेतात. त्यांतल्या कित्येकांचा पांढरा रंग पिवळा आणि निळा रंग हिरवा होऊन बसला आहे.

आणखी एक उदाहरण सांगितल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. १९३३ मध्ये जर्मनीत नाझी राजवटीने ‘फोल्क्सएम्फेंगर व्हीई-३०१’ हा स्वस्त संच काढायला लावला. पेटी वॉल्टर मारिया केर्स्टिंग यांची, किंमत ७६ मार्क, आणि नावातला ३०१ हा आकडा ३० जानेवारी या हिटलरच्या सत्ताग्रहणाच्या दिवसावरून घेतलेला. बेकेलाइटची साधी उभी पेटी, वर गोल कापडी तोंड, खाली लहानशी तबकडी. त्या तबकडीवर परदेशी शहरांची नावे नव्हती, नुसते आकडे होते. संच जवळचे केंद्र पकडण्यापुरताच होता, आणि १९३९ मध्ये युद्ध सुरू होताच परदेशी केंद्रे ऐकणे गुन्हा ठरले. अभ्यासक त्या पेटीला नेटके, निरलंकृत काम म्हणतात आणि ते नाकारता येत नाही, पण काचेवर काय छापायचे आणि काय नाही हा निर्णय कधीच निरागस नसतो, हे ती पेटी पाहून मी विद्यार्थ्यांना सांगतो.

आर्वीकर

मोल्डवाला सर, फुटपट्टी लावली. मागची रुंदी खरोखरच थोडी जास्त भरते.

आता एक अडचण मांडतो. वरची सारी चर्चा वीज असलेल्या घराची आहे. आमच्या गावात तारा आल्या त्या फार उशिरा, तरी मर्फी घरात त्याआधीपासून होता, असे घरातले वडीलधारे सांगतात. मग तो चालायचा कशावर, आणि विजेच्या अभावाचा त्याच्या रूपावर काही परिणाम दिसतो का?

डायलदोरी

दिसतो, आणि मागचा पुठ्ठा काढला की लगेच दिसतो. तुमच्या संचात चेसिसच्या बाजूला किंवा खाली एक रिकामा कप्पा असेल आणि त्यात खटक्याचे किंवा खुंट्यांचे प्लग लोंबत असतील, तर तो ड्राय बॅटरीचा संच आहे. एका मोठ्या पुठ्ठ्याच्या पॅकमध्ये दोन बॅटऱ्या असत, ९० व्होल्टची एक आणि व्हॉल्व्हमधली तार (फिलामेंट) तापवायला दीड व्होल्टची दुसरी. पॅक जड आणि महाग, म्हणून घरचे मोठे माणूस बातम्या संपल्या की बटण बंद करायचे, आणि बटणाला हात लावण्याचा अधिकारही त्यांचाच असायचा.

या काटकसरीने रेडिओचा चेहरा बदलला. १९५० च्या दशकात फिलिप्सच्या घराण्यातले डीके-९६, डीएफ-९६, डीएएफ-९६ आणि डीएल-९६ हे व्हॉल्व्ह आले. चौघांचे फिलामेंट मिळून दीड व्होल्टवर १२५ मिलिअँपिअर घेतात, म्हणजे एक पंचमांश वॉटही नाही. आता विजेवरच्या संचात काचेमागे जो छोटा दिवा असतो, तो ६.३ व्होल्ट आणि ०.३ अँपिअरचा धरला तर एकटाच जवळपास दोन वॉट खातो. चारही व्हॉल्व्हच्या फिलामेंटना मिळून लागते त्याच्या दहापट शक्ती नुसत्या काचेच्या उजेडाला कोण देणार? म्हणून बॅटरीच्या संचांची काच अंधारी असायची. संच चालू आहे की बंद हे कळावे म्हणून काहींत बटणाबरोबर फिरणारी रंगीत खूण काचेमागून डोकवायची. केंद्र बरोबर लागले की हिरव्या उजेडाची फट मिटणारा ‘मॅजिक आय’ व्हॉल्व्ह अमेरिकेत १९३५ मध्येच आला होता, पण तो बॅटरीच्या संचात सहसा बसायचा नाही. शहरातल्या आणि खेड्यातल्या घरात बाहेरून एकसारखाच रेडिओ असेल, पण रात्री एकाचा चेहरा उजळलेला असायचा आणि दुसऱ्याचा काळोखात असायचा.

वीज आल्यावरही एक भानगड होती, आणि ती दिसण्याइतकीच जिवाशी निगडित आहे. त्या काळी काही शहरांत डीसी वीज होती, म्हणून एसी-डीसी दोन्हींवर चालणारे, ट्रान्सफॉर्मर नसलेले संच निघाले. त्यांत चेसिसच विजेच्या एका तारेला जोडलेली असते. प्लग उलटा बसला की सगळा पत्रा जिवंत. अशा संचात पेटी शोभेची उरत नाही, ती माणूस आणि वीज यांच्यामधली भिंत होते. बटणाच्या बाजूचा बारीक स्क्रू खोल बुडवून त्यावर मेण भरलेले असते ते याचसाठी. मेण नसेल तर बटण काढून घालणाऱ्याने ते भरायची तसदी घेतलेली नाही, असे समजावे. आर्वीकरभाऊ, तुमचा बेकेलाइटचा संच या जातीचा असण्याचा संभव मोठा आहे. त्याला जाणकाराकडून तपासल्याशिवाय प्लगमध्ये घालू नका.

माजघर

येथे आतापर्यंत चेसिस, साचा आणि सरस यांवर बरेच झाले. रेडिओ ज्या घरात नांदला त्या घराने त्याचे रूप कसे बदलले, हे कोणी लिहिले नाही, म्हणून मी लिहिते.

आमच्या वाशीम जिल्ह्यातल्या घरी रेडिओ बैठकीत होता, पुरुषांच्या डोक्याच्या उंचीला ठोकलेल्या फळीवर. मुलांचा हात पोचू नये आणि आवाज ओसरीपर्यंत जावा, असे त्याचे कारण सांगत. त्याचे तोंड साहजिकच बैठकीकडे होते. पेटीचा समोरचा भाग तेवढा नटवायचा आणि पाठीला भोकांचा पुठ्ठा लावायचा, हे ज्यांनी ठरवले त्यांनी रेडिओ भिंतीला टेकलेला आणि ऐकणारा समोर बसलेला असे गृहीत धरले होते. आम्ही मायलेकी दाराच्या आड, बाजूने ऐकत होतो. कापडातून सरळ निघणारी स्वरांची धार आमच्यापर्यंत येताना बोथट झालेली असायची. समोर बसणाऱ्यासाठी घडवलेली वस्तू इतरांना कशी मिळते, हाही अभिकल्पाचाच प्रश्न आहे.

दुसरे असे की कारखान्याने घडवलेला चेहरा आम्ही तसाच राहू दिला नाही. आईने त्यावर भरतकामाचे झाकण घातले होते, स्पीकरपुढे पडद्यासारखे दुभंगणारे आणि काचेपुढे गुंडाळून वर खोचता येणारे. दसऱ्याला त्याला हळदकुंकू लागायचे. पोस्टातून काढलेले रेडिओच्या लायसन्सचे पुस्तक त्या झाकणाखाली असायचे. तांब्याच्या जाळीची पट्टीसारखी एरिअल ओसरीच्या दोन खांबांमध्ये ताणलेली होती, आणि गल्लीतून जाणाऱ्याला रेडिओ न दिसता ती दिसायची, त्यामुळे घराची ऐट खरे तर तिनेच मिरवली. आजी म्हणायची, “पेटी कोनी नाही पाहत वं, जाळी पाह्यतात सारे.”

ट्रान्झिस्टर आला तेव्हा काय बदलले हे त्याच्या आकारावरून कोणी सांगितले तर मला ऐकायचे आहे. मला दिसलेला बदल असा की त्याला मूठ होती. मूठ असलेली वस्तू बैठकीतून उचलून चुलीपाशी आणि तेथून कापूस वेचायला वावरात नेता येते.

सागवान

माजघरताई, झाकणावर दुरुस्तीवाल्याची एक तक्रार नोंदवतो. कापड मागच्या भोकांवर उतरले की ऊन हवा वर चढायला वाट राहत नाही, आणि पेटीच्या छताचे पॉलिश आतून भाजून निघते. झाकण घालायचे ते पाठ मोकळी ठेवून.

माजघर

आईचे झाकण पाठीवर उतरत नव्हते. तिला ते ठाऊक होते.

मोल्डवाला

माजघरताईंनी मुठीचा मुद्दा काढला तो मोलाचा आहे, आणि त्यामागचा इतिहास थोडक्यात मांडतो.

ट्रान्झिस्टरचा शोध अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत डिसेंबर १९४७ मध्ये लागला. खिशात मावणारा पहिला विक्रीचा रेडिओ ‘रीजेन्सी टीआर-१’ ऑक्टोबर १९५४ मध्ये आला, चार ट्रान्झिस्टरांचा आणि ४९.९५ डॉलर किमतीचा. सोनीचा ‘टीआर-६३’ हा १९५७ चा. तापणारे व्हॉल्व्ह गेले, ९० व्होल्टची बॅटरी गेली, आणि त्यांच्याबरोबर पेटीच्या आकाराला असलेली जवळजवळ सगळी यांत्रिक कारणे गेली. उरले स्पीकरचे तोंड, केंद्र लावायची चकती आणि हातात धरण्याची सोय. जर्मनीतल्या ब्राउन कंपनीचा १९५८ चा ‘टी-३’ पाहिला तर हे कळते. पांढरट प्लॅस्टिकची गुळगुळीत पाटी, बारीक भोकांचा एक चौकोन, खाली एक गोल चकती, बाकी काही नाही. त्यामागे उल्म येथील अभिकल्प विद्यालय आणि डीटर राम्स यांचे काम होते. याच परंपरेतले हान्स गुगेलो यांनी राम्स यांच्यासोबत १९५६ चा ‘एसके-४’ हा रेडिओ-फोनोग्राफ केला होता. आपल्याकडे चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन अभिकल्पकारांनी भारत सरकारला अहवाल दिला तो १९५८ मध्ये, आणि त्यातून १९६१ मध्ये अहमदाबादची राष्ट्रीय अभिकल्प संस्था उभी राहिली. तिच्या घडणीवर उल्मच्या विचारांचा ठसा आहे.

आता झाकणाविषयी. अभिकल्पकार व्हिक्टर पापानेक आणि त्यांचे विद्यार्थी जॉर्ज सीगर्स यांनी साठीच्या दशकात वीज आणि बॅटरी दोन्ही नसलेल्या खेड्यांसाठी एक रेडिओ केला होता. रिकामा पत्र्याचा डबा, त्यात मेण आणि वात, ज्योतीच्या उष्णतेवर वीज निर्माण करणारी जोडणी, आणि केंद्र निवडण्याची सोय नसलेले मंडल (सर्किट). मेण संपले तर वाळलेले शेणही चालेल, असा हिशेब होता. खर्च नऊ सेंट. डब्याला त्यांनी मुद्दाम रंग दिला नाही, आणि इंडोनेशियातल्या लोकांनी त्यावर कापड, काचा आणि शिंपले लावून तो आपापल्या परीने सजवला. पापानेक यांनीच सांगून ठेवले आहे की उल्ममध्ये तो दाखवला तेव्हा त्याच्या कुरूपपणावर प्राध्यापक मंडळी वैतागून उठून गेली. त्या प्राध्यापकांपेक्षा माजघरताईंच्या आईची बाजू मला अधिक पटते. मात्र राम्स यांच्या पाटीवर मी कापड घालणार नाही, एवढे प्रांजळपणे सांगतो.

डायलदोरी

ट्रान्झिस्टरच्या आडव्या आकाराला एक यांत्रिक कारण उरले होते, ते सरांनी सोडले म्हणून सांगतो. त्याच्या आत वरच्या कडेला फेराइट या लोहयुक्त द्रव्याची काळी कांडी असते, तिच्यावर तारेचे वेढे, आणि मध्यमलहरींची एरिअल तीच. कांडी जितकी लांब तितकी पकड चांगली, म्हणून पेटी रुंद. ही कांडी दिशा ओळखते. केंद्र तिच्या कुशीच्या बाजूला असले की आवाज सर्वांत मोठा, टोकाच्या रेषेत आले की जवळजवळ नाहीसा. आर्वीहून नागपूर पूर्वेला पडते, म्हणजे रेडिओचे तोंड तरी पूर्वेला हवे किंवा पाठ तरी. वावरात धुऱ्यावर ट्रान्झिस्टर ठेवताना माणसे तो जरा इकडे, जरा तिकडे वळवून मग ठेवायची, ते यासाठी. ओसरीवर एरिअलची जाळी ताणायची गरज संपली, आणि माजघरताईंच्या आजीच्या हिशेबाने बाहेर मिरवायचे काही उरले नाही.

चामड्याच्या कव्हरालाही कारण आहे. प्लॅस्टिकची पेटी पडली की कोपरा फुटायचा आणि आपल्या काळ्या मातीची धूळ चकतीच्या फटीतून आत जाऊन गँग खरखरायला लागायचा. कव्हराला स्पीकरपुढे भोके, चकतीपुढे खिडकी आणि खांद्याला पट्टा. मूळ पेटी कितीही देखणी असली तरी गावात लोकांनी पाहिला तो कव्हराचाच चेहरा.

आर्वीकर

सर्वांचा आभारी आहे. मर्फीत रिकामा कप्पा आणि खुंट्यांचा प्लग दोन्ही सापडले, काचेमागे दिवाही नाही. आता शेवटची शंका. शेजारच्या गावी एकाकडे चौथा एक रेडिओ आहे. पेटी सागवानी, समोर सनमायका, काच थाटाची, पण कोठेही कंपनीचे नाव नाही. मालक तो परदेशी असल्याचे सांगतो आणि किंमतही तशीच मागतो. पारख कशी करावी?

डायलदोरी

तो बहुधा असेंबल केलेला संच आहे. नागपूरला सीताबर्डीहून सुटे भाग आणून गावोगावचे मिस्त्री असे संच जोडत, मीही पुष्कळ जोडले. त्यात क्रम उलटा असे. कारखान्यात आधी पेटीचे रेखाटन व्हायचे आणि मग तिच्या मापाची काच छापली जायची. आम्ही आधी बाजारात मिळेल ती छापील काच आणायचो, मग तिच्या मापाचे चाक आणि चेसिस बसवायचो, आणि शेवटी सुताराला काच व स्पीकर हातात देऊन सांगायचो की याच्याभोवती पेटी कर. त्यामुळे अशा संचांत काचेचा नखरा एका देशाचा, बटणे दुसऱ्या कंपनीची आणि गोलाई सुताराच्या हाताला जशी जमली तशी.

पारख करायची तर पुढून पाहू नका. मागचा पुठ्ठा काढून चेसिसचा पत्रा पाहा. कारखान्याच्या चेसिसला भोके प्रेसवर पाडलेली असतात, त्यांच्या कडा साफ असतात आणि वाया गेलेली भोके सहसा नसतात. आमच्या चेसिसला दोन-चार भोके रिकामी सापडतीलच, कारण बाजारचा पत्रा तीन तऱ्हेच्या जोडण्यांना चालावा असा भोके पाडूनच यायचा. मग काट्याला काचेच्या डाव्या टोकाला नेऊन उजव्या टोकापर्यंत आणा. दोन्हीकडे काटा छापील रेघेवर नेमका थांबला तर काच आणि चाक एकमेकांसाठी केलेले आहेत. बोटभर अलीकडेच थांबला तर परदेशी किंमत देऊ नका, पण सागवान चांगले असेल तर लाकडाची किंमत जरूर द्या.